पोस्टमनने आणून दिलेली गाडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठांच्या फसवणुकीच्या बातम्या आपल्या अंकात हल्ली आठवड्यातून दोनदा तरी असतात. ओटीपी, लिंक, व्हिडीओ कॉल, 'डिजिटल अरेस्ट'. त्या वाचून आमच्या घरात सगळे निर्धास्त होते, कारण माझे थोरले बंधू अण्णा, वय 79, अजून बटणांचा फोन वापरतात. त्यात लिंक उघडत नाही की कोणाचं तोंड दिसत नाही. 'आमच्या बाबांना फसवायला चोराला घरी यावं लागेल,' असं पुतण्या हसून म्हणायचा. तो म्हणाला तसंच झालं. चोर पाकिटात बसून घरी आला, आणि ते पाकीट सही घेऊन अण्णांच्या हातात दिलं आमच्याच खात्यातल्या पोस्टमनने. मी स्वतः 34 वर्षं ठाण्यात पोस्टमन होतो, 2018 साली निवृत्त झालो. त्यामुळे हे पत्र जरा लांबेल, सांभाळून घ्यावं.

अण्णा आणि वहिनी नौपाड्यात एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. पुतण्या घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे. अंतर सांगायचं तर दहा-बारा किलोमीटर, वेळ मात्र त्या रस्त्यावर कोणी सांगू नये. मी कळव्याला. अण्णांची सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून झाली. कारखाना कधीच गेला, तिथे आता काचेची इमारत आहे. पण पैशापैशाची नोंद ठेवायची अण्णांची सवय गेलेली नाही. दुधाचा हिशेबसुद्धा ते वहीत लाल-निळ्या शाईत मांडतात. सांगायचा मुद्दा असा, की फसलेला माणूस भोळा नव्हता.

पाकीट मी नंतर पाहिलं. जाड, गुळगुळीत कागद, वर अण्णांचं पूर्ण नाव, मजल्यासकट अचूक पत्ता, पिनकोड 400602 आणि त्यांचा मोबाइल नंबर. आत एक रंगीत पत्र आणि चंदेरी पट्टीचं कार्ड. पत्रात, कंपनीच्या वर्धापन दिनानिमित्त निवडक ग्राहकांना बक्षीस वगैरे. 'आपले हार्दिक अभिनंदन आहे' अशी भाषा, 'ही' सगळीकडे ऱ्हस्व, खाली तीन मुखांच्या सिंहाचा गोल शिक्का. संपर्कासाठी तीन नंबर, तिन्ही मोबाइलचे. वहिनींनी ते कार्ड आधी देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि मग रुपयाच्या नाण्याने पट्टी खरवडली. मी गेलो त्या दिवशीसुद्धा देवघरातल्या कुंकवाच्या करंड्याच्या कडेला ती राखाडी चंदेरी पूड चिकटलेली होती. पट्टीखाली निघाली मोटारगाडी. किंमत 12,80,000 रुपये.

आता अण्णांसारख्या माणसाने इथे हसून कार्ड रद्दीत टाकायला हवं होतं, असं सगळे म्हणतात. मीही म्हणालो. पण त्यांचा युक्तिवाद ऐका. बक्षिसाच्या रकमेवर 30 टक्के टीडीएस असतो, हे खरं आहे. बक्षीस रोख असेल तर देणारा कर कापून बाकीचे पैसे देतो, हेही खरं. पण बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर त्यातून कापणार काय? म्हणून वस्तू हातात देण्याआधी कर भरला गेलाय याची खात्री देणाऱ्याने करून घ्यायची असते. हाही कायदाच आहे आणि अण्णांना तो तोंडपाठ. फोनवरचा माणूस जेव्हा म्हणाला, 'सर, गाडी वस्तू असल्यामुळे टॅक्स आधी भरावा लागेल,' तेव्हा अण्णांना संशय यायच्या ऐवजी खात्रीच पटली. हा माणूस नियमाने बोलतोय! एका गोष्टीचा मात्र त्यांना विसर पडला, आणि ती त्यांनीच मला नंतर मान खाली घालून सांगितली. कर भरायचा तो सरकारच्या खात्यात, पॅन नंबर घालून, चलनाने. कुठल्या तरी माणसाच्या बचत खात्यात कोणताही कर भरला जात नाही.

टीडीएसची मागणी तशी तिसऱ्या फेरीत आली. पहिल्यांदा 'नोंदणी' म्हणून 8,500 रुपये, मग 'विमा आणि आरटीओ' म्हणून 24,600. दोन्ही वेळा अण्णा स्वतः चालत बँकेत गेले, एनईएफटीची स्लिप भरली, रांगेत उभे राहिले. घरी येऊन वहीत नोंद केली, 'गाडी खर्च'. वहिनींना सांगून ठेवलं, की मुलाला आत्ता कळू द्यायचं नाही, गाडी दारात उभी राहिली की एकदम सांगू. घोडबंदरहून येता-जाताना त्याच्या पाठीचे हाल होतात, गाडी त्यालाच द्यायची होती. हे ऐकल्यावर पुतण्याचा आवाज जो बंद झाला, तो त्या दिवसापुरता बंदच राहिला.

तिसऱ्या फेरीत 3,84,000 रुपये मागितले. 12,80,000 चे 30 टक्के, हिशेब चोख. अण्णा मुदत ठेव मोडायला गेले. काउंटरवरच्या मुलीने आधीच्या दोन स्लिपा पाहिलेल्या होत्या. तिने विचारलं, "काका, गाडी घेताय ना? मग पैसे शोरूमच्या नावाने का नाहीत? दोन वेळा दोन वेगळ्या माणसांच्या नावाने गेले, आता हे तिसरंच नाव." अण्णा म्हणाले, ते कंपनीचे अधिकारी आहेत. तिने वाद घातला नाही. "साहेबांची सही लागते, बसा पाच मिनिटं," असं सांगून त्यांना पाणी दिलं आणि खात्यावर लिहिलेल्या वारसाच्या नंबरवर फोन लावला. तो नंबर पुतण्याचा. त्या मुलीचं वय पंचवीसच्या आत-बाहेर असेल. तिच्या बँकेचं नाव इथे लिहीत नाही; पण पुतण्या दिवाळीचा फराळ घेऊन तिथे गेला होता, एवढं नमूद करतो.

त्याच संध्याकाळी 1930 वर तक्रार नोंदवली. हा नंबर फक्त मोबाइलच्या फसवणुकीसाठी आहे असा बऱ्याच लोकांचा समज असतो. पाकीट पोस्टाने आलं तरी पैसे बँकेतून गेलेत, त्यामुळे तिथे सांगायचंच, आणि ताबडतोब सांगायचं. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तरच काही हाताला लागतं. आमच्या बाबतीत पहिला हप्ता जाऊन 19 दिवस झाले होते. दोन्ही खाती रिकामी. 33,100 रुपये गेले ते गेले.

पोलिसांकडे जायच्या आधी मी पाकीट हातात घेतलं आणि 34 वर्षांची सवय म्हणून आधी बारकोड पाहिला. आपल्याकडे स्पीड पोस्टसारख्या नोंद होणाऱ्या टपालावर तेरा खुणांचा क्रमांक असतो, सुरुवातीला दोन अक्षरं, मग नऊ आकडे आणि शेवटी 'आयएन'. तो पोस्टाच्या संकेतस्थळावर टाकला की वस्तू कोणत्या कार्यालयात, कोणत्या दिवशी बुक झाली ते दिसतं. पत्राच्या डोक्यावर पत्ता अंधेरीचा. बुकिंग मात्र दोन राज्यं ओलांडून पलीकडच्या एका गावचं. अंधेरीतल्या कंपनीला अंधेरीत पोस्ट सापडलं नाही? हे मी अण्णांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "तुला पहिल्या दिवशी दाखवायला हवं होतं रे." म्हणून सांगतो, असलं पाकीट फाडून टाकू नका. पाकीट, पत्र, कार्ड, तिन्ही जपून ठेवा. चोराने मागे ठेवलेली खरी खूण त्या पाकिटावर असते, आतल्या पत्रात सगळं खोटंच असतं.

अण्णांचा पत्ता त्यांना कसा मिळाला, याचाही उलगडा झाला. वहिनींनी टीव्हीवर बघून गुडघ्याचं तेल आणि भाजी चिरायचं यंत्र मागवलं होतं. त्या खोक्यांवर नाव, पत्ता, मोबाइल नंबर छापलेला. खोकी गेली रद्दीवाल्याकडे, आणि मागणीची यादी कोणाकोणाच्या हातात गेली असेल ते देव जाणे. आता वहिनी लेबल ओलं करून खरवडून काढतात आणि मगच खोकं देतात. कार्डाची पट्टी खरवडली त्याच नाण्याने, असं त्या स्वतःच सांगतात आणि हसतात. त्यांना हसता येतं हे बरं आहे.

संपादक महोदय, आता थोडं माझ्याबद्दल, कारण पत्र लिहिण्याचं खरं कारण तेच आहे.

अशी लबाडी काल-परवाची नाही. नव्वदच्या दशकात माझी बीट, म्हणजे टपाल वाटायचा भाग, ठाण्यातल्या चरईत होती. त्या काळात मासिकांत आणि वर्तमानपत्रांत एक कोडं छापून यायचं. नऊ घरांचा चौकोन, 1 ते 9 आकडे असे भरा की आडवी, उभी, तिरकी बेरीज 15 यावी. मधल्या घरात 5 टाकला की बाकीचं शाळेतलं पोरही जुळवतं. उत्तर पाठवलं की कळायचं, आपण 'विजेते' आहात, टू-इन-वन (रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र) मिळणार आहे, फक्त पॅकिंग आणि टपालखर्चाची व्हीपी सोडवून घ्या. व्हीपीचं तंत्र नव्या पिढीला माहीत नसेल. पैसे आधी मोजायचे, मगच पुडकं हातात मिळतं. आणि ते फोडेपर्यंत आत काय आहे ते कळायला मार्ग नसतो.

माझ्या बीटवर एक आजी होत्या. एकट्याच. नाशिकचा मुलगा महिन्याला 400 रुपये मनीऑर्डर करायचा. एकदा मनीऑर्डर आणि व्हीपी एकाच दिवशी आली. नातवाने सुट्टीत येऊन कोडं भरून पाठवलं होतं. व्हीपी 275 रुपयांची. त्याच प्रेषकाची सहा-सात खोकी त्या आठवड्यात मी बीटवर वाटली होती आणि एका घरात माझ्यासमोरच खोकं फोडलं होतं. आत खेळण्यातला प्लॅस्टिकचा रेडिओ, ना सेल ना तार. म्हणजे आजींच्या खोक्यात काय आहे ते मला ठाऊक होतं. पायरीवर बसून मी मनीऑर्डरच्या फॉर्मवर त्यांचा अंगठा घेतला, 400 मोजून दिले. मग व्हीपी पुढे केली. त्यांनी त्याच नोटांतून 275 काढून माझ्या हातात ठेवले आणि विचारलं, "चांगलं असेल ना रे यात?"

मी म्हणालो, "मला काय ठाऊक, आजी. मी नुसता आणणारा."

कामाची शिस्त आम्हाला तशीच शिकवलेली. टपाल पोचवायचं, त्यावर मत द्यायचं नाही. एकदा व्हीपी सोडवली की पत्ता त्या लोकांच्या वहीत पक्का होतो, त्यामुळे पुढच्या वर्षभरात आजींना श्रीयंत्र आलं, मग कसलंसं कवच आलं, आणि दर वेळी मीच घेऊन गेलो. संतोषी मातेच्या नावाने '21 पत्रं लिहा, नाहीतर अनर्थ' अशी कार्डं यायची तीसुद्धा मीच टाकली, आणि म्हाताऱ्या बायका भीतीने पोस्टकार्डांचा गठ्ठा विकत घ्यायला यायच्या तेव्हा आमच्याच खिडकीवर विक्री व्हायची.

पुढे खात्याच्या परीक्षेसाठी कायदा वाचायला घेतला तेव्हा कपाळावर हात मारला. 1898 च्या पोस्ट कायद्यात 35 वं कलम होतं. त्यात स्वच्छ लिहिलेलं, की व्हीपी पाठवणाऱ्याकडून 'खरोखरीची मागणी आली म्हणून पाठवतोय' असं लिहून घेण्याचा आणि फसवणूक झाली तर वसूल झालेले पैसे अडवून घेणाऱ्याला परत करण्याचा नियम सरकार करू शकतं. म्हणजे आजींच्या 275 रुपयांसाठी तक्रारीला वाट होती. आजींना ते माहीत असणं शक्यच नव्हतं. मला माहीत झालं तेव्हा आजी नव्हत्या. तो कायदा आता गेला, नवा 18 जून 2024 पासून लागू झाला. पण वाट कागदावर असून उपयोग नाही. पायरीवर उभ्या असलेल्या पोस्टमनला ती माहीत हवी, आणि बोलायची मुभाही हवी.

कारण म्हाताऱ्या माणसाचा विश्वास पाकिटावर नसतो, आणणाऱ्यावर असतो. अण्णांना मी विचारलं, एवढ्या मोठ्या रकमेचं बक्षीस आलं, शंका आली नाही? ते म्हणाले, "सही घेतली ना त्याने. खोटं असतं तर पोस्टाने सही कशाला घेतली असती?" या वाक्यावर मला उत्तर सुचलं नाही. सही म्हणजे वस्तू तुमच्या हातात पडली याची पावती. आत खरं आहे की खोटं, याच्याशी पोस्टाचा काही संबंध नसतो. पण अण्णांच्या पिढीने पोस्टमनच्या हातून नोकरीचे कॉल घेतले, मुलांचे निकाल घेतले, मरणाच्या तारा घेतल्या. ते सगळं खरं होतं. मग हेच एक खोटं कसं?

आणि हा विश्वास पुढे वाढतच जाणार आहे. मी निवृत्त झालो त्याच वर्षी, 1 सप्टेंबर 2018 ला, पोस्टाची पेमेंट्स बँक सुरू झाली. आता पोस्टमन घरी येऊन अंगठा घेऊन पैसे देतो, 70 रुपयांत पेन्शनचा हयातीचा दाखला करून देतो. चांगली सोय आहे, वहिनींच्या बहिणीचा दाखला दर नोव्हेंबरला तसाच होतो. पण उद्या कोणी अनोळखी माणूस 'पोस्टातून आलोय, अंगठा द्या' म्हणत दारात उभा राहिला तर? आपल्या भागाचा पोस्टमन चेहऱ्याने ओळखीचा असतो. नवा असेल तर ओळखपत्र मागावं, त्याला राग येणार नाही. आला तर येऊ दे.

ओटीपीचाही एक घोळ आहे. आम्ही वर्षानुवर्षं म्हाताऱ्यांच्या कानीकपाळी ओरडलो, ओटीपी कोणाला सांगू नका. आता 1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टला ओटीपीने डिलिव्हरीची सोय आली, म्हणजे पोस्टमनच ओटीपी विचारणार. (त्याच सुमारास आमचं जुनं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. ते लाल-निळं लेबल चिकटवण्यात आयुष्य गेलं, असो.) घरी मी सोपं सांगून ठेवलंय. पाकीट समोर दिसतंय, त्यावर आपलं नाव वाचलंय, देणारा समोर उभा आहे, तरच आकडा सांगायचा. फोनवर विचारलं तर नाही. 'तुमचं पार्सल गोदामात अडकलंय, 48 तासांत पत्ता दुरुस्त करा' असे मेसेज पोस्ट पाठवत नाही, हे सरकारच्या फॅक्ट चेक विभागानेही सांगून झालंय.

दारात पैसे मागणाऱ्या पार्सलचं काय करायचं, तेही एका दमात सांगतो. दुपारी दोनची वेळ, घरात म्हातारा-म्हातारी, आणि एक मुलगा पार्सल घेऊन येतो. "काका, तुमच्या मुलाने मागवलंय, 799 द्या." मुलगा मीटिंगमध्ये, फोन उचलत नाही. पोराला परत कशाला पाठवायचं म्हणून काका पैसे देतात. आत जुना टॉवेल. आपण मागवलेलं नसेल आणि पैसे द्यायचे असतील तर घ्यायचं नाही. पोस्टाचं असो की कुरिअरचं, 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ते परत जातं. नकार द्यायला तुम्हाला एक पैसा पडत नाही. गंमत म्हणजे माणसं 799 रुपये देतात, पण 'नको' म्हणायला संकोचतात.

मात्र याच्या उलट टोकाला जाऊ नका, हे मी पोस्टमन म्हणून हात जोडून सांगतो. अलीकडे एका ज्येष्ठ नागरिक संघात एक गृहस्थ भाषणात म्हणाले, अनोळखी टपाल घेऊच नका. हा सल्ला धोक्याचा आहे. कोर्टाची, वकिलाची, बँकेची नोटीस 'नकार' शेऱ्याने परत गेली तर ती तुम्हाला मिळाली असंच कायदा धरून चालतो. नोटीस परत पाठवून विजयी मुद्रेने दार लावणारी माणसं मी पाहिलीत, आणि पुढे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारीही तीच. ज्याला पैसे द्यायचे नाहीत ते पत्र घ्यावं. उघडावं. आणि उत्तर देण्याआधी, फोन करण्याआधी, एका माणसाला दाखवावं.

तो एक माणूस कोण, इथे सगळं अडतं.

त्या दिवशी बँकेतून घरी आल्यावर पुतण्या अण्णांना खूप बोलला. "बाबा, तुम्ही शिकले-सवरलेले ना? शाळेतलं पोर फसणार नाही याला!" तो काळजीने बोलला हे मला कळतं. पण त्यानंतर अण्णांनी टपाल उघडणंच सोडलं. पेटीतून आणायचे आणि टीव्हीखालच्या खणात टाकायचे. दोन महिन्यांनी मी सहज खण उघडला तर सव्वीस पाकिटं निघाली. त्यात विजेचं थकलेलं बिल, बँकेचं केवायसीचं पत्र आणि इमारतीच्या पुनर्विकासाच्या सभेची नोटीस. सभा होऊन गेली होती. घराचं क्षेत्रफळ किती धरायचं यावर ज्या सभेत चर्चा झाली, त्या सभेला दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा खाली उतरले नाहीत, कारण त्यांना पाकीट फोडायची भीती बसली होती. 33,100 रुपयांचं नुकसान चोराने केलं. हे दुसरं आम्ही घरच्यांनी केलं.

तेव्हापासून दर गुरुवारी मी कळव्याचा पूल ओलांडून नौपाड्यात जातो. वहिनी चहा ठेवतात. अण्णा आठवड्याचं टपाल टेबलावर मांडतात, पण पाकिटं तेच फोडतात. मी फोडत नाही, फक्त बसतो. पहिल्या दोन गुरुवारी त्यांचा हात अडखळायचा. आता पाकीट फोडायच्या आधी बारकोड पाहतात आणि मला विचारतात, "हे कुठलं रे?" इमारतीतले आणखी दोघे जण आपापली पाकिटं घेऊन येऊ लागलेत. एक तर निव्वळ चहासाठी येतो असा वहिनींचा संशय आहे.

खात्याकडे माझं मागणं फार नाही. प्रत्येक पोस्टात, जिथे पेन्शनीसाठी आणि आरडीसाठी म्हातारी माणसं रांगेत उभी राहतात, तिथे मराठीत, ठळक अक्षरांत एक पाटी लावा, की बक्षीस मिळवण्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत. असं पत्र आलं तर पोस्टमनला दाखवा. त्याच पाटीवर खात्याचा 1800 266 6868, फसवणुकीचा 1930 आणि ज्येष्ठांच्या मदतीचा 14567 हे तीन नंबर लिहा. सध्या आमच्याकडच्या भिंतीवर विम्याची जाहिरात आहे आणि तिच्याखाली पेनाला बांधलेली दोरी आहे, पेन नाही. दुसरं, एकाच प्रेषकाची चकचकीत पाकिटं शेकड्याने बुक होतात तेव्हा खिडकीवरच्या माणसाला काही वाटत नाही, असं मी मानायला तयार नाही. पाठवणाऱ्याचं ओळखपत्र तिथेच पाहा. आणि तिसरं, पोस्टमनला बोलू द्या. पाकीट फोडायचा त्याला अधिकार नाही, नसावाच. पण तशीच सहा पाकिटं वाटून झाल्यावर सातव्या घरी "आजोबा, पैसे पाठवायच्या आधी मुलाला दाखवा हं," एवढं म्हणायला त्याला कोणाचीही भीती वाटू नये. मला वाटायची.

पत्र संपवता संपवता मागच्या गुरुवारचं सांगतो. अण्णांना पुन्हा एक पाकीट आलं. या वेळी 'ग्राहक भरपाई विभाग' नावाच्या कोणाचं तरी. आपली फसवणूक झाल्याचं आमच्या निदर्शनास आलं असून आपले 33,100 रुपये परत मंजूर झाले आहेत, त्यावर 18 टक्के जीएसटी आधी भरावा. हा 33,100 चा नेमका आकडा आम्हाला ठाऊक, बँकेला ठाऊक, पोलिसांना ठाऊक आणि चोराला ठाऊक. मी काही बोलणार इतक्यात अण्णांनी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि पत्राच्या समासात गुणाकार केला. पत्रात 5,598 रुपये मागितले होते. अण्णांनी त्याभोवती गोल केला, शेजारी 5,958 लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"गाडीच्या वेळी हिशेब तरी बरोबर होता," ते म्हणाले. "हे पोलिसांच्या फाइलला लाव. आणि चहा गार होतोय."

आपला,
एक निवृत्त पोस्टमन,
कळवा (ठाणे)